गुलमर्गसाठी स्की: दोन जोड्या पुरतात

पावडरमधले, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फातले, व्हिडिओ पाहून आमच्याकडे आलेले ग्राहक बहुधा सगळ्यात रुंद जोडी मागतात. गुलमर्गला पावडर पडते, आणि उत्तम पडते. पण ती रोज नसते. पश्चिमी झंझावात येऊन गेला की एक-दोन दिवस भुसभुशीत बर्फात मजा येते. मग गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगराच्या उघड्या अंगावर वाऱ्याने कडक पापुद्रा धरतो आणि गोंडोलाच्या (रोपवेच्या) वाटेखालचा बर्फ इतरांच्या स्कींनी तुडवून खडबडीत होतो. रुंद स्की अशा टणक बर्फावर तिच्या धारेवर कलवायला वेळ लागतो, आणि तो भार गुडघ्यांवर येतो.

म्हणून आधी बुटाखालची रुंदी बघा. आमच्या मते पहिली जोडी ९० ते १०० मिलिमीटरची असावी: पुढचं टोक थोडं लवकर उचललेलं, मध्ये नेहमीचा बाक. आठवड्यातले बहुतेक दिवस हीच पायात राहील. एकच जोडी घ्यायची असेल तर डोळे मिटून हीच घ्या.

दुसरी जोडी ११० च्या आसपास, उंचीएवढी किंवा किंचित लांब. ही गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावरच्या, म्हणजे सुमारे ३,९५० मीटरवरच्या ताज्या बर्फासाठी. जानेवारी-फेब्रुवारीत जाणार असाल तरच. मार्चमध्ये रात्री गोठलेला बर्फ उन्हाने सुटून जाड्या साखरेसारखा दाणेदार होतो. तिथे पहिली जोडी सरस, आणि दुपारी चिखल व्हायच्या आत खाली उतरलेलं बरं. ओल्या बर्फात तळ चिकटतो, तेव्हा उबदार हवेचं मेण लावून घ्या.

तिसरी, अरुंद जोडी आम्ही विकतो, पण गुलमर्गसाठी सुचवत नाही. ती खास सपाट केलेल्या उतारांची. तिथे तसे उतार थोडे आहेत.

पहिल्यांदाच शिकणार असाल तर काहीच विकत घेऊ नका. ७५-८० मिलिमीटरची, हनुवटीपर्यंतची जोडी भाड्याने मिळते. पैसे खर्चायचेच असतील तर बुटांवर खर्चा. टाच आत उचलली जात असेल तर कोणतीही स्की ऐकणार नाही. दोन जोड्या घेताना दोन्हींची बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारे आणि पडताना सोडणारे खटके) तुमच्या बुटाच्या तळाला चालतात का, हे आधी तपासा. ग्रिपवॉक, म्हणजे चालायला सोपा असा वक्र रबरी तळ, जुन्या अल्पाइन (सपाट तळाच्या बुटांसाठीच्या) बाइंडिंगमध्ये चालत नाही. नीट बसल्यासारखा वाटला तरी पडताना बूट सुटेलच याची खात्री नसते.

रुंद स्की हिमस्खलनापासून वाचवत नाही. गस्त पथकाने उघडलेल्या भागाबाहेर जायचं तर प्रत्येकाकडे बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हवं, आणि सोबत स्थानिक गाइड.

मागणी नोंदवताना उंची, वजन, वय, स्कीइंगचा अनुभव, प्रवासाचा महिना आणि बुटाच्या तळाची लांबी कळवा. ती टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. वजन मात्र खरं सांगा, बाइंडिंग किती जोराला सुटावं, तो ताण आम्ही त्यावरूनही ठरवतो.