कुत्र्याच्या मूलभूत गरजा आणि ट्रेनिंग

झोप, खाणं-पाणी, शी-शू, चघळणं, हुंगणं, धावणं, सोबत, आणि भीती नसणं या कुत्र्याच्या मूलभूत गरजा. यातलं काही अडलेलं असेल तर ‘सिट’, ‘स्टे’ शिकवत बसून फार काही हाती लागत नाही. प्राण्यांच्या गरजांची अशी मांडणी ब्रिटनमध्ये 1965 च्या ब्रॅम्बेल अहवालात झाली, तीही शेतातल्या जनावरांसाठी, आणि 1979 मध्ये त्यातूनच ‘पाच स्वातंत्र्यं’ ठरली. त्यातलं एक म्हणजे आपल्या जातीसारखं वागायची मोकळीक, आणि फ्लॅटमध्ये नेमकं तेच राहून जातं.

सगळ्यात दुर्लक्षित गरज म्हणजे झोप. लहान पिल्लाला दिवसाला 18 ते 20 तास झोप लागते. संध्याकाळी घरात पाहुणे, टीव्ही चालू, पोरं मागे लागलेली, आणि दुपारपासून डोळा न लागलेलं पिल्लू पँटला लोंबकळतंय, हात चावतंय, मग सगळे म्हणणार की ‘हे ॲग्रेसिव्ह झालंय’. अहो, झोपेला आलेलं पोर किरकिर करतं तसंच आहे हे, कोपऱ्यात गोधडी टाकून दिवा बंद केला की बरेचदा दहा मिनिटांत घोरायला लागतं.

शूचा ढोबळ हिशेब महिन्यामागे एक तास, म्हणजे 3 महिन्यांचं पिल्लू दिवसा जेमतेम तीन तास धरतं, आणि उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर तर लगेच न्यावं लागतं. आठव्या मजल्यावर लिफ्टची वाट बघताना झालं तर त्यात त्याची काय चूक? शूत नाक घासलं तर ते एवढंच शिकतं की माणसासमोर करायची नाही, सोफ्यामागे जाऊन करायची.

चपला कुरतडण्यामागे बहुतेक वेळा दात असतात. दुधाचे 28 पडून 42 पक्के येईपर्यंत पिल्लू साधारण 6-7 महिन्यांचं होतं, तोवर हिरड्या शिवशिवतात. ओला नॅपकिन पिळून फ्रीजरमध्ये कडक करून दिला तर चपला वाचतात, निदान काही तरी.

बीगल सशाचा वास काढत धावण्यासाठीच तयार केलेली जात, त्याला खाली नेऊन ‘हील, हील’ (म्हणजे पायाशी चाल) करत पट्टा ओढला तर तो ऐकणार कसा. आधी लांब पट्ट्यावर पंधरा मिनिटं मनसोक्त हुंगू द्यावं, मग शिकवावं. आपल्याकडच्या कारवानी या शिकारी जातीला मात्र हुंगण्यापेक्षा मोकळं धावायला लागतं.

ट्रीटसाठी कुत्रा उपाशी ठेवायचा हा गैरसमज आहे, रोजच्या खाण्यातलेच दाणे बाजूला काढून वापरता येतात. काही लॅब्राडॉरमध्ये तर भूक वाढवणारा जनुकीय बदलच सापडलाय, त्यामुळे लॅब बिस्किटासाठी सगळं करतो याचं श्रेय ट्रेनरने फार घेऊ नये.

शिकलेला कुत्रा अचानक घरात शू करायला लागला तर आधी व्हेटकडे न्यावं, लघवीचं इन्फेक्शन असू शकतं. डोक्याला हात लावताच गुरगुरायला लागला तर कान दुखत असू शकतो, तो उलटून बघावा, पावसाळ्यात तर नक्कीच.