खो-खो : पाठलाग करणाऱ्याला बांधून घालणारा खेळ

खो-खोचं मैदान पाहणाऱ्याला पहिल्यांदा दिसते ती पळणाऱ्यांची चपळाई. खेळाची खरी कमाल मात्र नियमांत आहे, आणि ते जवळजवळ सगळे पाठलाग करणाऱ्याला अडवण्यासाठी आहेत. पळणारा मैदानाच्या मध्यावर ओळीने बसलेल्या प्रतिस्पर्ध्यांच्या मधून हवा तसा नागमोडी पळतो. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की मागे फिरायचं नाही, मधली पाटी, म्हणजे दोन खांबांमधला बसणाऱ्यांचा पट्टा, ओलांडायची नाही. बाजू बदलायची तर खांबाला वळसा घालून. गडी दुसऱ्या बाजूला निसटला की एकच उपाय उरतो : बसलेल्या सोबत्याच्या पाठीवर मागून हात ठेवून मोठ्याने ‘खो’ म्हणायचं आणि त्याच्या जागी बसायचं. पाठलाग करणाऱ्या संघातले आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून उकिडवे बसतात ते यासाठीच. एकट्याच्या वेगावर इथे गडी बाद होत नाही.

शिवाशिवीसारखे पाठलागाचे खेळ आपल्याकडे गल्लोगल्ली होतेच. त्यांतल्या खो-खोला लिखित नियमांची चौकट मिळू लागली ती पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात, १९१४ च्या सुमारास. पुढे बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानेही या कामात मोठा वाटा उचलला. तो काळ व्यायामशाळांचा होता. क्रिकेट-टेनिसच्या बरोबरीने देशी खेळांनाही मापं, पंच आणि स्पर्धा हव्यात, असं वाटणारी माणसं या संस्थांत होती. खो-खोला तर दोन खांब आणि चुना यांपलीकडे काही लागत नव्हतं, त्यामुळे शाळांनी तो चटकन उचलला. सुरुवातीचं मैदान लंबवर्तुळाकार होतं. आजचं आयताकृती, २७ मीटर बाय १६ मीटरचं.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली. पुण्या-बडोद्यात घडलेले नियम तोवर आंध्रापर्यंत पोचले होते.

या सगळ्या वर्षांत डावपेचही पिकत गेले. पळणाऱ्या संघातून तिघांची तुकडी मैदानात उतरते, तिघेही बाद झाले की पुढची. संरक्षणात, म्हणजे पळताना, कोणी साखळीने, बसलेल्यांना एकेक करून वळसे घालत पळतो, कोणी दोन-तीन बसलेल्यांभोवती गोल धरून हूल देत राहतो. आक्रमक, म्हणजे पाठलाग करणारा, शेवटच्या क्षणी खांब धरून सूर मारतो. मातीत हे करताना कोपरं-गुडघे सोलून निघत. मॅट आल्यावर ते कमी झालं आणि सूर मारणं धीटपणे होऊ लागलं. हा बदल मला मनापासून पटतो.

दुसऱ्या एका बदलाबद्दल तसं म्हणता येत नाही. २०२२ मध्ये पुण्यात बालेवाडीला अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली. तिच्यात आक्रमक नऊऐवजी सात झाले, सूर मारून गडी टिपला तर जास्त गुण ठरले आणि आला ‘वजीर’. वजिराला दिशेचं बंधन नाही, तो कुठेही वळू शकतो. खेळ टीव्हीवर झणझणीत दिसतो, प्रेक्षक वाढले, खेळाडूंच्या हाती पैसा आला. हे सगळं हवंच होतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ अंतिम सामन्यात नेपाळला हरवून जिंकले, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. तरीही वाटतं, वजीर लीगपुरता असावा. शालेय मैदानावर मुलांनी आधी दिशेच्या बंधनात खेळायला शिकावं, कारण खो नेमका कधी आणि कोणाला द्यायचा हे त्या अडचणीतूनच उमगतं.