एक्केचाळीस मतांचं सरकार आणि त्यामागची तीस वर्षं

१४ जून २०२४ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांताच्या ८० जणांच्या विधिमंडळाने आपला प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, निवडला. इंकाथा फ्रीडम पार्टीचे थामी न्तुली यांना ४१ मतं पडली, विरोधी उमेदवाराला ३९. इंकाथाचे १५, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे (एएनसी) १४, डेमोक्रॅटिक अलायन्सचे ११ आणि नॅशनल फ्रीडम पार्टीच्या एकुलत्या एक आमदार. त्या बाई पलीकडे जाऊन बसल्या असत्या, तर चाळीस-चाळीस. ३७ जागा जिंकून सगळ्यांत मोठा ठरलेला, माजी राष्ट्राध्यक्ष जेकब झुमांचा एमके पक्ष सत्तेबाहेर राहिला.

आघाड्यांची आणि काठावरच्या बहुमताची गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकाला नवी नाही. पण यातले पहिले दोन पक्ष कोण होते हे माहीत असेल, तर हेच आकडे वेगळे दिसायला लागतात. इंकाथा आणि एएनसीच्या माणसांनी याच प्रांतात दहा-बारा वर्षं एकमेकांची घरं जाळली आणि हजारो माणसं मारली. गावंच्या गावं दुसरीकडे पळाली.

याच प्रांतातलं पीटरमारित्झबर्ग म्हटलं की आपल्याला फक्त रेल्वे स्टेशन आठवतं: जून १८९३, थंडीची रात्र, गाडीतून उतरवलेले तरुण गांधी. पण या भागाशी आपलं नातं तिथेच संपत नाही. गांधींचा फिनिक्स आश्रम डर्बनजवळच्या इनांडात होता. त्याच परिसरात जॉन दुबे यांची शाळा होती, आणि १९१२ मध्ये स्थापन झालेल्या एएनसीचे ते पहिले अध्यक्ष. शांततेचं नोबेल मिळालेले अल्बर्ट लुथुली याच मातीतले. त्यामुळे एएनसी म्हणजे बाहेरून आलेला पक्ष आणि इंकाथा म्हणजे झुलूंचा, ही मांडणी सोपी आहे आणि चुकीची. नातालमध्ये मारणारेही झुलू होते आणि मरणारेही बहुतेक झुलूच. हा जमाती-जमातींचा झगडा नव्हता; एकाच घरातला, बापाचा राजकीय गट आणि मुलाचा राजकीय गट असा तो झगडा होता.

सुरुवात तर मैत्रीत झाली होती. मांगोसुथु बुथेलेझी यांनी १९७५ मध्ये इंकाथाची नव्याने उभारणी केली, तेव्हा परदेशात असलेल्या एएनसी नेतृत्वाचा त्याला पाठिंबा होता. बुथेलेझी क्वाझुलू या ‘होमलँड’चे प्रमुख होते. होमलँड म्हणजे वर्णभेदी सरकारने काळ्यांसाठी आखून दिलेले, नकाशावर ठिगळांसारखे विखुरलेले तुकडे. ट्रान्सकाय वगैरेंनी घेतलं तसं नकली ‘स्वातंत्र्य’ घ्यायला त्यांनी साफ नकार दिला, ही त्यांच्या बाजूची मोठी गोष्ट. पण पगार, पोलीस आणि सरदारांच्या नेमणुका सगळं प्रिटोरियाच्या, म्हणजे वर्णभेदी केंद्र सरकारच्या, व्यवस्थेतूनच येत होतं. सशस्त्र लढा आणि परदेशी निर्बंध त्यांना मान्य नव्हते. १९७९ मध्ये लंडनच्या बैठकीत फाटलं, ते फाटलंच. १९८३ मध्ये युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंट (यूडीएफ) ही एएनसीच्या बाजूची वर्णभेदविरोधी आघाडी उभी राहिल्यावर वस्त्यांमधले शाळकरी पोरगे तिकडे गेले आणि म्हाताऱ्या सरदारांना आपली सत्ता निसटताना दिसू लागली.

त्यात सरकारने तेल ओतलं. १९८६ मध्ये इंकाथाच्या सुमारे २०० माणसांना लष्कराने आजच्या नामिबियातल्या कॅप्रिव्ही पट्ट्यात नेऊन गुपचूप शिक्षण दिलं. पुढच्याच जानेवारीत क्वामाखुथात एका घरात १३ माणसं मारली गेली, त्यांत मुलं होती. या प्रकरणी माजी संरक्षणमंत्री मॅग्नस मलान यांच्यावर खटला चालला आणि १९९६ मध्ये ते निर्दोष सुटले.

पण तो काळ समजून घ्यायचा तर ट्रस्ट फीड या खेड्याकडे बघावं. ३ डिसेंबर १९८८ च्या रात्री एका घरात मयताच्या जागरणासाठी माणसं जमली होती. पोलीस कॅप्टन ब्रायन मिचेल यांच्या हुकमावरून आलेल्या विशेष शिपायांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ११ ठार. हल्ला व्हायचा होता यूडीएफच्या लोकांवर. घर चुकलं, आणि मेले ते इंकाथाचे समर्थक. १९९२ मध्ये मिचेल यांना ११ वेळा फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली, आणि १९९६ मध्ये सत्य आणि सलोखा आयोगाने (राजकीय गुन्ह्यांची कबुली देणाऱ्यांना हा आयोग माफी देऊ शकत होता) त्यांना माफी दिली. त्यानंतर ते त्याच गावात माफी मागायला गेले. सगळ्यांनी दिली असं नाही.

नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटल्यावर दोन आठवड्यांत, २५ फेब्रुवारी १९९० ला, डर्बनला आले आणि आपल्याच समर्थकांच्या प्रचंड सभेत म्हणाले की बंदुका, सुरे, कोयते समुद्रात फेकून द्या. कित्येकांना ते रुचलं नाही. महिनाभरात पीटरमारित्झबर्गजवळच्या एडेंडेल खोऱ्यात दोन्ही बाजूंत जो हिंसाचार झाला, त्याला आजही ‘सात दिवसांचं युद्ध’ म्हणतात.

१९९४ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली तरी इंकाथाचा बहिष्कार कायम होता. मार्चअखेर नातालमध्ये आणीबाणी लागली. मध्यस्थीसाठी हेन्री किसिंजर आणि लॉर्ड कॅरिंग्टन आले आणि चर्चा सुरूही न होता परत गेले. त्यांच्याबरोबर आलेले केनियाचे वॉशिंग्टन ओकुमु मात्र मागे थांबले. बुथेलेझींना गाठायला ते विमानतळावर पोहोचले तोवर विमान उडालं होतं. पण काही बिघाड झाला आणि ते परत उतरलं; भेट झाली. बुथेलेझी भाविक माणूस, त्यांना यात देवाचा हात दिसला. १९ एप्रिलला करार झाला, म्हणजे मतदानाला जेमतेम आठवडा उरला असताना. मतपत्रिका तर छापून तयार! मग इंकाथाचं नाव, चिन्ह आणि बुथेलेझींचा फोटो असलेली चिकटपट्टी प्रत्येक मतपत्रिकेच्या तळाशी डकवली गेली.

निकाल लागला: ८१ पैकी इंकाथाला ४१, एएनसीला २६. तेव्हाही ४१ च. मोजणीत इतके घोळ होते की एएनसीची नाताल शाखा कोर्टात जायला निघाली होती. पक्षनेतृत्वाने त्यांना थांबवलं. माझ्या मते या प्रांतातल्या सलोख्याचं खरं बीज इथे आहे. मतं किती, यापेक्षा बंदुका गप्प राहतील का, हा प्रश्न मोठा ठरला.

नव्या प्रांतिक सरकारचे प्रमुख झाले इंकाथाचे फ्रँक म्डलालोसे. अंतरिम राज्यघटनेनुसार दहा टक्के जागा मिळवणाऱ्या पक्षाला मंत्रिमंडळात वाटा होता, म्हणून एएनसीही आत आली. तिच्या वतीने आर्थिक खातं सांभाळायला आले जेकब झुमा. हे आज विचित्र वाटतं, पण नव्वदच्या दशकात झुमा शांतता घडवणारे म्हणूनच ओळखले जात. नकान्डलाचा माणूस, झुलू रीतिरिवाजांत मुरलेला. सरदारांशी त्यांच्याच भाषेत बोलणारा. तिकडे केंद्रात मंडेलांनी बुथेलेझींना गृहखातं दिलं. १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष दोघेही देशाबाहेर असताना बुथेलेझी काही काळ कार्यवाहक राष्ट्राध्यक्षही झाले.

कागदावर हे जमलं, पण दफ्तरात? क्वाझुलू आणि नाताल या दोन कारभारांचा एक प्रांत करायचा होता आणि प्रत्येक गोष्ट दोन-दोन होती: दोन पोलीस दलं, दोन शिक्षण खाती, दोन राजधान्या. इंकाथाला उलुंडी हवं, एएनसीला पीटरमारित्झबर्ग, आणि आमदार-कारकून-फायली दोन्हीकडे फिरत राहिल्या. (आपल्या नागपूर अधिवेशनाची आठवण येते, फरक इतकाच की तिथे यावरून सरकार पडायची वेळ यायची.) शिवाय मतदानाच्या तोंडावर जुन्या क्वाझुलू विधानसभेने घाईघाईत कायदा करून सुमारे २८ लाख हेक्टर जमीन झुलूंचे राजे गुडविल झ्वेलितिनी यांच्या नावे इंगोन्यामा ट्रस्टमध्ये टाकली होती. तो प्रश्न आजही भिजत पडलाय. मार्च १९९६ मध्ये विधिमंडळाने प्रांताची स्वतंत्र राज्यघटना एकमताने मंजूर केली, तर सहा महिन्यांनी घटनापीठाने ती फेटाळली: प्रांताने स्वतःला नसलेले अधिकार घेतले होते.

हत्या एका दिवसात थांबल्या नाहीत. १९९५ च्या नाताळच्या दिवशी शोबाशोबानेत एएनसीच्या वस्तीवर हल्ला झाला. देशात बहुतेक ठिकाणी स्थानिक निवडणुका नोव्हेंबर १९९५ मध्ये झाल्या, या प्रांतात त्या जून १९९६ वर ढकलाव्या लागल्या. तरी आलेख खाली येत गेला. १९९९ मध्ये इंकाथा ३४, एएनसी ३२, पुन्हा एकत्र सरकार. २००४ मध्ये एएनसी ३८ वर गेली, स्बु न्डेबेले प्रीमियर झाले, आणि राजधानीचा घोळ एकदाचा पीटरमारित्झबर्गच्या बाजूने मिटला.

खुर्च्या वाटून शांतता आली, हे मान्य करायला हवं. न वाटल्या गेलेल्या गोष्टीचं नाव आहे हिशेब. सत्य आयोगावर इंकाथाचा विश्वास नव्हता. तिच्या बहुतेक लोकांनी तिथे तोंड उघडलं नाही. आयोगाने मोठा ठपका इंकाथावर ठेवला, तेव्हा पक्ष कोर्टात गेला आणि अहवालाचे शेवटचे खंड २००३ पर्यंत अडले. ज्यांनी गोळी चालवली आणि ज्यांनी चालवायला सांगितलं, त्यांतले बहुतेक आपापल्या गावात राहिले. काही नगरसेवक झाले. बंदुकाही कुठे गेल्या नाहीत. फक्त नेम बदलला. पुढच्या राजकीय हत्या पक्षा-पक्षांत कमी आणि पक्षाच्या आत, तिकिटासाठी नि कंत्राटासाठी जास्त. २०१६ मध्ये त्यासाठी मोराने आयोग नेमावा लागला. २०११ मध्ये इंकाथा फुटून नॅशनल फ्रीडम पार्टी निघाली, तेव्हाही मुडदे पडले.

जुलै २०२१ मध्ये झुमांना तुरुंगात टाकल्यावर दंगल उसळली. क्वाझुलू-नाताल आणि गाउटेंग मिळून साडेतीनशेहून अधिक माणसं गेली. आश्रमाच्या नावाच्या फिनिक्स उपनगरातच ३६ जण मेले, बहुतेक काळे. त्यांतल्या अनेकांना शस्त्रं घेऊन उभ्या राहिलेल्या भारतीय वंशाच्या रहिवाशांनी मारलं. १९८५ च्या दंगलीत जळालेला आश्रम तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये बुथेलेझी गेले आणि त्यांना सरकारी इतमामात उलुंडीत निरोप देण्यात आला. तीन महिन्यांनी झुमांनी एएनसीच्या जुन्या सशस्त्र दलाचंच नाव घेतलेल्या एमके या नव्या पक्षात उडी मारली, आणि पुढच्या मे महिन्यात एएनसी प्रांतात तिसऱ्या क्रमांकावर घसरली, इंकाथाच्या एका जागेने मागे. मग दोघांना एकत्र बसण्यावाचून इलाज नव्हता.

न्तुलींच्या मंत्रिमंडळात अर्थखातं गेलं डेमोक्रॅटिक अलायन्सकडे. नॅशनल फ्रीडम पार्टीच्या त्या एकुलत्या एक आमदारांना समाजविकास खातं मिळालं.