टाचेच्या रक्ताचे कार्ड पुरते वाळल्याशिवाय पाकिटात घालू नये

आमच्याकडे नवजात बाळांचे नमुने पाठवणारी प्रसूतिगृहे, तेथील परिचारिका आणि पालक यांच्यासाठी

“पुन्हा नमुना का मागवता?” हा प्रश्न आम्हांला वर्षभर विचारला जातो आणि पावसाळ्यात जवळजवळ रोज विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. जन्मजात विकारांच्या तपासणीसाठी तीन दिवसांच्या बाळाच्या टाचेला एकदा टोचून कागदी कार्डावर रक्त घेऊन झालेले असते, बाळंतीण घरी गेलेली असते, आणि प्रयोगशाळेतून फोन येतो की कार्ड चालणार नाही, बाळाला परत आणा. अशा वेळी घरच्यांचा रोष सिस्टरना सोसावा लागतो, आम्हांला नाही, याची जाणीव असल्यामुळेच हे पत्रक काढले आहे. जी कार्डे आम्हांला नाकारावी लागतात, त्यांतील बहुतेकांचा दोष एकच असतो: रक्त ओले असतानाच कार्ड पाकिटात बंद केलेले असते.

कार्ड आमच्याकडे पोहोचल्यावर त्याचे काय होते हे ठाऊक असले, तर आमचा हट्ट समजणे सोपे जाईल. त्याचा कागद साधा टीपकागद नसून कापसाच्या तंतूंपासून अशा बेताने बनवलेला असतो, की ठरावीक क्षेत्रफळात ठरावीकच रक्त शोषले जावे. भरलेल्या वर्तुळातून आम्ही ३.२ मिलिमीटर व्यासाची टिकली यंत्राने कापतो. बाळाच्या कपाळावरच्या तिटेहूनही लहान अशा या टिकलीत सुमारे ३ मायक्रोलिटर रक्त असते, आणि जवळपास प्रत्येक विकारासाठी वेगळी टिकली लागते. आमच्या नेहमीच्या पाच तपासण्यांपैकी थायरॉइडची जन्मजात कमतरता आणि मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीचा जन्मजात विकार या दोन तपासण्यांत हार्मोनचे प्रमाण मोजले जाते. जी-६-पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता, गॅलॅक्टोसीमिया (दुधातली साखर शरीराला वापरता न येणे) आणि बायोटिनिडेजची (बायोटिन हे जीवनसत्त्व वापरण्यास लागणाऱ्या एन्झाइमची) कमतरता या उरलेल्या तिन्हींत मात्र रक्तातले एन्झाइम, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, किती जोमाने काम करते हे पाहिले जाते, आणि ओल व उष्णता एकत्र आली की एन्झाइम मरते. ओले कार्ड प्लास्टिकमध्ये गेले, की त्यातली वाफ बाहेर पडायला जागाच उरत नाही. त्यात ते दुपारभर मोटारसायकलच्या डिकीत तापले, तर दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलावर येईपर्यंत त्यातले एन्झाइम निम्मेशिम्मे संपलेले असते. मेलेले एन्झाइम आणि मुळातच नसलेले एन्झाइम यांतला फरक यंत्राला कळत नाही. ते दोन्हींना ‘कमी’ एवढेच म्हणते.

मागे एका जुलैत घाटाखालच्या एका प्रसूतिगृहातून एक कार्ड आले. पिशवीला आतून दव धरले होते, रक्ताचे ठिपके काळपट पडले होते आणि प्रत्येकाभोवती पिवळसर पाण्याचे कडे उमटले होते. आम्ही ते कार्ड चालवले, ही आमची चूक. जी-६-पीडी आणि बायोटिनिडेज दोन्ही कमी आले. परस्परांशी संबंध नसलेली दोन एन्झाइमे एकाच बाळात कमी दिसली, की आधी कार्डावर संशय घ्यायचा असतो, पण अहवाल त्याआधीच फोनवरून सांगून झाला होता. फेरनमुन्यात बाळ ठणठणीत निघाले. मधले सहा दिवस त्या घराने कसे काढले असतील, याची कल्पना आपण करू शकता. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे: ती प्लास्टिकची पिशवी त्या काळी किटमध्ये आम्हीच देत होतो. आता कागदी पाकीट देतो, आणि दमट कार्ड दिसले की ते न चालवता त्याच दिवशी फोन करतो. नकार ऐकायला कडू वाटतो, परंतु चुकीच्या अहवालापेक्षा तो परवडतो.

कार्ड वाळवणे अवघड नाही, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. नमुना घेतल्यावर कार्ड आडवे, सपाट, ठिपक्यांना खालून-वरून कशाचाही स्पर्श होणार नाही अशा रीतीने किमान चार तास ठेवावे. औषधांची दोन रिकामी खोकी जवळजवळ ठेवून त्यांवर कार्डाच्या दोन कडा टेकवल्या तरी काम भागते. कार्डे एकमेकांवर रचू नयेत. लवकर वाळावे म्हणून ते उन्हात, बल्बखाली किंवा हेअर ड्रायरसमोर धरू नये. बाळाच्या वॉर्मरखाली ठेवण्याची युक्तीही काही ठिकाणी चालते, तीही कृपया थांबवावी, कारण त्या उष्णतेनेही एन्झाइमचे तेच होते. ओला ठिपका लालभडक दिसतो, वाळलेला तपकिरीकडे झुकतो. पावसाळ्यात चार तासांनंतरही लाल झाक राहिली, तर आणखी थांबावे. आमचा माणूस संध्याकाळी पाचला येतो म्हणून साडेचारला घेतलेला नमुना तसाच त्याच्या हाती दिला जातो, आणि सगळे येथेच बिघडते. दुपारी एकनंतर घेतलेले कार्ड दुसऱ्या दिवशीच्या फेरीत द्यावे. एका रात्रीने नीट वाळलेल्या कार्डाचे काहीही बिघडत नाही.

नमुना घेण्याची रीत बहुतेक सिस्टरना आमच्यापेक्षा चांगली अवगत आहे, तेव्हा थोडक्यात एवढेच की टाच कोमट ओल्या फडक्याने शेकावी, तळव्याच्या मध्यभागी किंवा टाचेच्या मागच्या गोलाईवर न टोचता दोन्हीपैकी एका बाजूला टोचावे, स्पिरिट वाळू द्यावे, पहिला थेंब पुसून टाकावा, आणि दुसरा मोठा थेंब कागदाच्या एकाच बाजूने असा टेकवावा की तो मागे पूर्ण उतरेल. एका वर्तुळात एकच थेंब. टाच पिळू नये. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीतले रक्त कार्डावर घालणे हा आडमार्ग तर मुळीच नको, कारण त्यामुळे टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे हार्मोन, जे थायरॉइड कमी पडला की वाढते) प्रत्यक्षापेक्षा कमी दिसून आजारी बाळ निसटू शकते. बाळाला रक्त चढवायचे असेल, तर नमुना त्याआधी घ्यावा.

योग्य वेळ जन्मानंतर ४८ ते ७२ तासांची. पहिल्या २४ तासांत प्रत्येक बाळाचा टीएसएच स्वाभाविकपणे वर चढलेला असतो, त्यामुळे तेव्हाचा नमुना उगाच भीती घालतो. लवकर सुट्टी द्यावीच लागली, तर निघताना नमुना घ्यावा आणि तो २४ तासांच्या आतला असल्यास दोन आठवड्यांच्या आत पुन्हा घ्यावा. मात्र ‘पुढच्या वेळी घेऊ’ म्हणून मुळीच न घेणे नको.

पालकांचा ठरलेला प्रश्न असा की सोनोग्राफीत सगळे नॉर्मल होते, मग ही तपासणी कशाला? पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळाचा मणका, हृदयाचे कप्पे, ओठ, हातपाय यांची घडण दिसते, आणि जन्मानंतर डॉक्टर फाटलेला ओठ किंवा वाकडे पाऊल डोळ्यांनी पाहू शकतात. एन्झाइम मात्र दिसत नाही. थायरॉइड नसलेले बाळही जन्मतः गोंडस आणि शांत दिसते, कारण आईचे थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचे हार्मोन, नाळेतून त्याला मिळत आलेले असते. लक्षणे उघड होईपर्यंत मेंदूच्या वाढीचे नुकसान होऊन गेलेले असते, आणि पहिल्या दोन आठवड्यांत रोजची स्वस्त गोळी सुरू झाली तर ते टळते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने लाखाहून अधिक बाळांची तपासणी केली, तेव्हा हा विकार साधारण १,१३० बाळांमागे एकात आढळला. अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी साठच्या दशकात फेनिलकीटोन्यूरिया हा जन्मजात विकार शोधण्यासाठी कागदावर रक्त घेण्याची जी पद्धत रूढ केली, तीच आपण आजही वापरतो.

अहवालात ‘जास्त’ किंवा ‘कमी’ आले म्हणजे निदान झाले असे नव्हे. शिरेतले रक्त तपासून खात्री करावी लागते. जी-६-पीडीची कमतरता पक्की ठरली, तर घरच्यांना एक साधी गोष्ट अवश्य सांगावी: ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून जपलेली जुनी दुपटी आणि झबली त्या बाळाला वापरू नयेत, त्या वासानेही त्याच्या तांबड्या पेशी फुटू शकतात.

कार्डावरील माहितीबद्दल एक विनंती. जन्माची आणि नमुन्याची तारीखच नव्हे तर वेळही लिहावी, तसेच वजन आणि गर्भाचे आठवडे लिहावेत, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळात ॲड्रिनलच्या तपासणीचे आकडे वर असतात. बारसे व्हायचे असल्याने बाळाचे नाव नसतेच, तेव्हा आईचे पूर्ण नाव घालावे आणि जुळे असल्यास ‘पहिले’, ‘दुसरे’ असे न विसरता लिहावे. बाळंतीण माहेरी जाणार असेल, तर फोन नंबर माहेरचा हवा. ॲड्रिनलचे बाळ दुसऱ्या आठवड्यात अचानक खालावू शकते, आणि त्या वेळी आम्ही सासरच्या, ड्युटीवर असलेल्या नवरोजींचा न उचलला जाणारा फोन लावत बसलेले असतो.

नाकारलेल्या कार्डाच्या फेरनमुन्याचे शुल्क आम्ही घेत नाही, मग दोष कोणाचाही असो. तीन बाजूंनी उघडी, दहा कार्डे मावणारी वाळवणीची मांडणी नव्या किटसोबत विनामूल्य दिली जाते. जुन्या ग्राहकांनी संध्याकाळच्या फेरीतल्या माणसाकडे ती मागून घ्यावी. नवीन सिस्टर रुजू झाल्या असतील, तर आमची तंत्रज्ञ अर्धा तास येऊन पहिली दोन कार्डे त्यांच्यासोबत घेते. त्यासाठी आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवावे.