कृत्रिम सांध्याचा जंतुसंसर्ग

खुबा, गुडघा किंवा खांदा बदलल्यानंतर रोपित सांध्याभोवती जीवाणूंमुळे होणारा विकार. पहिल्याच सांधेरोपणात त्याचे प्रमाण साधारणतः १ ते २ टक्के धरतात. फेरशस्त्रक्रियेत ते बरेच वाढते.

मुख्य कारक स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि एरवी त्वचेवर निरुपद्रवी राहणारा स्टॅ. एपिडर्मिडिस, खांद्यात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस विशेष आढळतो. शरीरात परकी वस्तू असली की थोडे जंतूही पुरतात. एलेक व कोनेन या संशोधकांनी १९५७ मध्ये स्वयंसेवकांच्या त्वचेत जंतू टोचून पाहिले. पू होण्यास एरवी दशलक्षांहून अधिक जंतू लागत; रेशमी टाका घातलेला असला की काहीशे जंतूंवर भागे. धातू वा प्लॅस्टिकला चिकटलेले जंतू स्वतःभोवती बुळबुळीत जैवपटल तयार करतात. त्याच्या आतील जंतूंवर प्रतिजैविकांचा प्रभाव फारसा पडत नाही.

संसर्ग हवेतून किती होतो, हा जुना वाद आहे. इंग्लंडमधील राइटिंग्टन येथे शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांच्या सुरुवातीच्या खुबारोपणांत संसर्ग ७ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक होता. गाळलेल्या हवेचा बंदिस्त कक्ष व शल्यचिकित्सकाचा उच्छ्वास बाहेर ओढून नेणारा पोशाख वापरल्यावर, १९७० च्या सुमारास, तो १ टक्क्याखाली आला, तोही प्रतिबंधक प्रतिजैविकांशिवाय. मात्र त्याच काळात इतर दक्षताही वाढल्या होत्या, त्यामुळे सारे श्रेय हवेला देता येत नाही. लिडवेल व सहकाऱ्यांच्या ८,००० हून अधिक शस्त्रक्रियांच्या चाचणीत (१९८२) अतिशुद्ध हवेमुळे प्रमाण १·५ वरून ०·६ टक्क्यांवर आले. तेथे प्रतिजैविके कोणाला द्यायची हे मात्र यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखे) ठरवलेले नव्हते. पुढे न्यूझीलंडच्या सांधेनोंदणीत (सांधेरोपणांची देशव्यापी नोंद; २०११) लाभ दिसला नाही, उलट लवकर होणारा संसर्ग किंचित अधिक आढळला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ मध्ये, पुरावा दुबळा असल्याचे मान्य करून, अशी वायुवीजन यंत्रणा वापरू नये असे सुचविले. नोंदणीतील आकड्यांत रुग्णालये व रुग्ण सारखे नसतात, हे ध्यानात घेता लिडवेल यांचा निष्कर्ष पूर्णपणे मोडीत काढणे घाईचे वाटते. छेद घेण्यापूर्वीच्या तासाभरात सेफाझोलिन हे प्रतिजैविक देण्याच्या उपयुक्ततेविषयी मात्र दुमत नाही. प्रतिजैविकयुक्त अस्थि-सिमेंटची (कृत्रिम सांधा हाडात पक्का बसवणाऱ्या लुकणाची) पद्धत बुखहोल्त्स यांनी हँबर्ग येथे १९७० च्या सुमारास रूढ केली.

सांध्यापर्यंत पोचणारा नाडीव्रण (त्वचेवर उघडणारी, पू वाहणारी अरुंद वाट) असल्यास किंवा दोन स्वतंत्र नमुन्यांत एकच जंतू वाढल्यास निदान पक्के मानतात. त्यासाठी ऊतींचे तीन ते पाच नमुने घेतात. क्युटिबॅक्टेरियम सावकाश वाढत असल्याने संवर्धन (प्रयोगशाळेत जंतू वाढवणे) दोन आठवड्यांपर्यंत चालू ठेवावे लागते.

संसर्ग नवा असल्यास सांधा न काढता जखम धुऊन, सडलेला भाग काढून प्रतिजैविके देतात. जुना असल्यास सांधा काढून एकाच वेळी किंवा काही आठवड्यांनी दुसरा बसवतात. क्षयरोगावरील परिचित रिफँपिसिन हे जैवपटलातील स्टॅफिलोकॉकसविरुद्ध उपयोगी पडते. जंतू लवकर दाद देईनासे होत असल्याने ते एकटे देत नाहीत.