जिंजरब्रेड घर

सुंठ, दालचिनी, लवंग आणि जायफळ घातलेल्या कडक बिस्किटाच्या भिंती व छप्पर साखरेच्या लेपाने जोडून उभारलेले आणि खाऊने सजवलेले छोटे घर. नाताळच्या आधी घरातल्या लहानथोरांनी मिळून ते करण्याची प्रथा मूळची जर्मनीतील असून तेथे त्याला ‘हेक्सनहाउस’, म्हणजे चेटकिणीचे घर, असेही नाव आहे. न्यूरेंबर्ग हे शहर मध-मसाल्याच्या ‘लेबकुखेन’ बिस्किटांसाठी मध्ययुगापासून प्रसिद्ध होते, परंतु त्याची घरे करण्याची चाल ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये छापलेल्या हॅन्सेल-ग्रेटेलच्या कथेनंतर लोकप्रिय झाली. त्या कथेत रानात वाट चुकलेल्या भावंडांना पावाचे, केकच्या छपराचे आणि साखरेच्या खिडक्यांचे घर दिसते. नॉर्वेतील बर्गन येथे १९९१ पासून नाताळात अशा घरांचे अख्खे शहर मांडले जाते.

गोव्यात नाताळला शेजारीपाजारी वाटल्या जाणाऱ्या नेवऱ्या, दोदोल, बेबिंका यांच्या परंपरेत हे घर बसत नाही. तरीही त्याचा स्वाद येथे परका वाटत नाही, कारण जत्रेत आणि फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, बाजारात मिळणारे खाजे हे आले-गुळाचेच असते. जायफळ, दालचिनी आणि लवंग तर फोंडा तालुक्यातील कुळागरांतही, म्हणजे सुपारीच्या बागांतही, होतात.

अर्धा किलो मैद्याला साधारण दीडशे ग्रॅम लोणी, तितकीच साखर, थोडा मध आणि मसाले घालून पीठ घट्ट मळतात व तासभर फ्रीजमध्ये ठेवतात. सोडा घातल्यास कडा फुगून सांधे जुळत नाहीत, म्हणून तो टाळणेच बरे. पाच-सहा मिलिमीटर जाडीची पोळी लाटून, कागदी साच्यांवरून दोन तिकोनी माथ्याच्या भिंती, दोन आडव्या भिंती आणि छपराचे दोन तुकडे कापतात. ते १७५ अंश सेल्सिअसला बारा-पंधरा मिनिटे भाजून, गरम असतानाच कडा सुरीने सरळ करून घेतात. जोडण्याचा लेप एका अंड्याच्या पांढऱ्या बलकात सुमारे दोनशे ग्रॅम आयसिंग शुगर आणि लिंबाचे काही थेंब फेटून होतो. कच्चे अंडे मुलांना देणे सुरक्षित नसल्याने पाश्चरीकृत पांढरा बलक किंवा त्याची तयार पूड वापरावी.

गोव्यात खरी परीक्षा दमटपणाची असते. डिसेंबरात पाऊस नसला तरी समुद्राकाठची हवा पुरती कोरडी होत नाही, आणि मध व गूळ दोन्ही हवेतले पाणी ओढून घेतात. माडाच्या गुळाने चव अप्रतिम येते, पण सगळा गोडवा त्याचाच ठेवला तर बिस्किट लवकर मऊ पडते. सर्वांत आधी छप्पर खचते, कारण ते जड आणि उतरते असते. त्यामुळे मुख्य गोडी साखरेची ठेवून गूळ चवीपुरता घालावा. तुकडे थंड झाल्यावर मंद आचेवर पुन्हा शेकून घ्यावेत, आणि भिंती डब्यांचा टेकू देऊन पंख्याखाली तीन-चार तास वाळवल्यावरच छप्पर चढवावे. मुंग्यांसाठी पाट पाण्याच्या परातीत वाट्यांवर ठेवतात. हा उपाय प्रत्येक आजीला ठाऊक असतो.

सजावटीत जर्मन नमुन्याची नक्कल करण्याचे कारण नाही. तिथले उतरते छप्पर बर्फासाठी, आपले पावसासाठी. आकार तोच राहतो. बदामाचे काप एकावर एक लावले की कौले होतात. वितळलेल्या साखरेचा पातळ पत्रा शिंपल्यांच्या जुन्या खिडक्यांसारखा प्रकाश झिरपू देतो, खाज्यांच्या कांड्यांचे कुंपण होते आणि दारासमोर तुळशीवृंदावनही उभे राहते. चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची मांडणी, बांधताना घरात जशी कामे आपोआप वाटली जातात, तशीच येथेही: लेपाची नळी मोठ्या मुलीच्या हाती, चॉकलेटच्या गोळ्या धाकट्यांकडे, आणि भिंत सुकेपर्यंत न हलता धरून बसण्याचे काम आजोबांकडे. हे धरून बसणे मला साऱ्या कृतीचा गाभा वाटते, कारण तेवढा वेळ कोणालाच उठून जाता येत नाही.

जर्मनीत हे घर पुष्कळदा ६ जानेवारीच्या, बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांच्या सणापर्यंत टिकवतात. त्याच दिवशी गोव्यात रेइश मागुश, कासावली व चांदर येथे फेस्त भरते. परंतु येथील हवेत तोवर थांबू नये, आठवड्याच्या आत, बिस्किट कुरकुरीत असतानाच घर फोडून खावे.