डोनटमधलं तेल आत शिरतं तरी कधी?

ग्लेझ्ड डोनट म्हटलं की सगळ्यांचा राग त्या वरच्या चकचकीत साखरेवर. परवा एका मैत्रिणीने नखाने ती पापडी खरवडून काढली आणि "आता चालेल" म्हणत बाकीचा डोनट खाल्ला, तेव्हा मला राहवलं नाही.

साधारण 60 ग्रॅमचा यीस्टवाला डोनट धरा. अंदाजे 260 कॅलरी, 14 ग्रॅम फॅट, साखर 12 ते 15 ग्रॅम, प्रोटीन जेमतेम 4, फायबर 1 ग्रॅम. फॅटच्या ग्रॅमला 9 कॅलरी, साखरेच्या ग्रॅमला 4, म्हणजे फॅटच्या 126 आणि साखरेच्या फार तर 60! थोडं फॅट पिठातलंच असतं, पण बरंच तळणीतून येतं.

आणि ते कसं येतं हे मला जाम आवडतं. 180-190 डिग्रीच्या तेलात डोनट सोडला की बुडबुडे येतात ना, ते तेल उकळत नसतं, पिठातल्या पाण्याची वाफ बाहेर पडत असते. ती जोरात बाहेर येतेय तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. बरंचसं तेल शिरतं ते डोनट बाहेर काढल्यावर! गार होताना सालीच्या बारीक छिद्रांतली वाफ परत पाणी होते, तिचं आकारमान हजार पटीहून जास्त आक्रसतं, आतला दाब पडतो आणि अंगाला चिकटलेलं तेल आत खेचलं जातं, शिवाय केशाकर्षण, म्हणजे बारीक छिद्रांत द्रव आपोआप ओढला जाणं, असतंच. म्हणून तेल टिपायचं तर काढल्या काढल्या, पाच मिनिटांनी कागद लावून काय उपयोग, तेल आत गेलेलं असतं.

वरून कोमट पाणी प्यायलं की हे तेल "धुऊन जातं" म्हणतात, तसं काही होत नाही. तेल पाण्यात विरघळतच नाही, पित्तरस त्याचे बारीक थेंब करतो, लायपेज हे फॅट पचवणारं एन्झाइम ते पचवतं आणि कॅलरी मिळायच्या त्या मिळतातच.

आता त्या पापडीकडे परत येऊ. पातळ तेलात तळलं तर ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि ग्लेझ चिकट, ओलं होतं, म्हणून बऱ्याचदा गार झाल्यावर घट्ट होणारं फॅट वापरतात, आणि असं फॅट घट्ट होतं ते त्यात सॅच्युरेटेड फॅट जास्त असतं म्हणून. म्हणजे साखर खरवडून टाकली तरी ती कोरडी, चकचकीत राहावी म्हणून वापरलेलं फॅट खालच्या पावात तसंच असतं, पाकिटावर सॅच्युरेटेड फॅटची ओळ बघा.